उंची तीच, वेग कमी

मेहकरच्या इंटरचेंजवरून आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आईला छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांना दाखवायचं होतं. गाडी मित्राची, नवी कोरी, क्रूझ कंट्रोल असलेली. ताशी ११०वर वेग लावला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना कुंपण. मध्ये ना गाव, ना चौक, ना अचानक आडवी येणारी बैलगाडी.

बऱ्याच वेळानं मागच्या सीटवरून आईनं विचारलं, "दुसरबीड गेलं काय रे?"

मला सांगता येईना. मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी लेनमध्ये होती. पण मागचे वीसेक किलोमीटर माझ्या डोक्यात कुठेच नव्हते.

"मघाशीच गेलं," आईच म्हणाली. "पाटी वाचली मी. तुह्यं ध्यान कुठं होतं?"

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला या रस्त्यावर असा प्रश्न ऐकून घाम फुटतो. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर, सिंदखेड राजा तालुक्यात, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. त्या अपघाताचं कारण ठरवायला हा लेख नाही. पण ते प्रवासी तिकीट काढून, दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षावर विश्वास ठेवून झोपले होते, एवढं आपल्याला माहीत आहे. त्या सकाळी माझी आईही तशीच बसली होती. फरक एवढाच की ती झोपली नव्हती.

हा प्रसंग मी एका मित्राला सांगितला. त्यानं वैमानिक व्हायचं प्रशिक्षण घेतलं आहे. आपल्याकडे विमान म्हटलं की मुंबई-दिल्ली आठवते, पण छोटी विमानं आपल्या बाजूला तशी अनोळखी नाहीत. धुळे, बारामती, गोंदियाजवळचं बिरसी इथे पोरं याच विमानांवर शिकतात. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. २०१६ला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते विमान अनेकांनी पाहिलं.

मित्र म्हणाला, "तुझ्या क्रूझ कंट्रोलपेक्षा आमचा ऑटोपायलट जास्त प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच जास्त धोकादायक."

मला कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. ते ऐकल्यापासून मी रस्त्याचा कमी आणि आईचा जास्त विचार करतो आहे.

आज्ञाधारक नोकर

ऑटोपायलट ही काही कालपरवाची गोष्ट नाही. १९१४च्या जून महिन्यात पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या २१ वर्षांच्या अमेरिकन तरुणानं परीक्षकांसमोरून विमान नेलं. त्याचे दोन्ही हात वर होते आणि त्याचा मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेला होता. विमान गिरक्या घेणाऱ्या जायरोस्कोपनं स्वतःला सावरत होतं. राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं होत होती. माणूस उडायला शिकला आणि लगेच हात सोडायला शिकला.

लहान खासगी विमानातला ऑटोपायलट मात्र मोठ्या जेटसारखा नसतो. साधा असेल तर तो फक्त पंख समतोल ठेवतो. थोडा बरा असेल तर दिशा धरतो आणि उंची धरतो. पण इंजिनाची ताकद कमी-जास्त करणं बहुतेक छोट्या विमानांत त्याच्या हातात नसतं. थ्रॉटल वैमानिकाकडेच असतो.

आता समजा, तुम्ही त्याला सांगितलं, पाच हजार फूट धरून ठेव. काही वेळानं इंजिनाची ताकद हळूहळू कमी व्हायला लागली. दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ साठतो, तेव्हा अगदी असंच होतं. बाहेर ऊन असलं तरी होतं. इंजिन खोकत नाही, धूर सोडत नाही, नुसतं थकत जातं. हातानं उडवणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण विमान खाली जायला बघतं आणि कंट्रोल हाताला वेगळा लागतो. पण ऑटोपायलटला फक्त उंची माहीत आहे. तो विमानाचं नाक थोडं वर उचलतो. उंची टिकते, वेग घटतो. ताकद आणखी कमी होते, तो नाक आणखी वर करतो. उंचीचा काटा जागचा हलत नाही. समोर पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. शेवटी वेग इतका कमी होतो की पंखांना विमान पेलवत नाही आणि ते एकदम खाली कोसळायला लागतं.

"तो खोटं बोलत नाही," मित्र म्हणाला. "त्याला सांगितलंय उंची धर, तो धरतो. पण ती धरायला काय मोजावं लागतंय, ते त्याला कुणी सांगायला सांगितलेलं नाही."

मोठ्या विमानांतही वेगळ्या वाटेनं माणूस याच ठिकाणी पोहोचतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात १ जून २००९ला वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं तुंबल्या, ऑटोपायलट बंद पडला आणि विमान अचानक माणसांच्या हातात आलं. तिथून समुद्रात कोसळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद गेली. विमान उडण्याजोगं होतं, वैमानिक प्रशिक्षित होते, तरी २२८ माणसं गेली. त्याच्या बरीच वर्षं आधी, १९८३मध्ये, लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी यातली मेख सांगून ठेवली होती. यंत्र सोपी कामं स्वतःकडे घेतं आणि माणसाकडे दोन कामं उरवतं. एक, नुसतं बघत बसणं. दोन, सगळं बिघडल्यावर क्षणात सूत्रं हाती घेणं. पहिलं काम माणसाला जमत नाही, आणि दुसऱ्याचा सराव पहिल्यामुळे सुटलेला असतो.

नुसतं बघत बसणं खरंच जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थनं १९४८मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना एका घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवलं. काटा टिकटिक पुढे जाई, मध्येच एखादी दुप्पट उडी मारी, ती ओळखायची. अर्ध्या तासातच चुका वाढायला लागत. हे लोक आळशी नव्हते. माणसाचं लक्ष असंच घडलेलं आहे. हाताला काम नसलं की डोळ्यांतलं भान निघून जातं.

म्हणून मित्राला शिकवलं होतं की ऑटोपायलट लावला तरी ठरावीक मिनिटांनी एक फेरी मारायची. इंधन, रेडिओ, इंजिन, दिशा, उंची. प्रत्येक गोष्टीकडे नुसतं पाहायचं नाही, तिला प्रश्न विचारायचा. मघापेक्षा काय बदललंय?

उघडलेलं इंजिन

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवू नये, सतत हात घालत राहावं. मलाही तसंच वाटायचं. त्याची किंमत आमच्या काकांनी मोजली.

काकांच्या ट्रॅक्टरला तासांचं मीटर आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा ते मीटर मला वाटलं त्यापेक्षा बरंच पुढे गेलेलं दिसलं. मोबाईलवर थोडंफार वाचून मी काकांच्या मागे लागलो, की इतके तास झाले, आता पेरणीआधी इंजिनाचं काम करून घ्या. काका म्हणाले, धूर नाही, ऑइल खात नाही, उचल चांगली आहे. मिस्त्रीनंही हात जोडले. "भाऊ, चालत्या इंजिनाले काऊन हात लावता?" पण मी शिकलेला पुतण्या. माझं ऐकलं गेलं.

इंजिन उघडलं. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं टाकलं. मृगाचा पाऊस पडला, सोयाबीनच्या पेरणीला ट्रॅक्टर शेतात गेला आणि तिसऱ्या दिवशी ऑइल चहासारखं दिसायला लागलं. लायनरखालची रबरी रिंग बसवताना कापली गेली होती आणि पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. वापसा कुणासाठी थांबत नाही. काकांनी भाड्याचा ट्रॅक्टर लावून पेरलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

छोट्या विमानांच्या मालकांसमोर हाच प्रश्न असतो, फक्त किंमत जास्त असते. सेस्ना १७२सारख्या विमानांत लायकमिंगची इंजिनं असतात. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांसाठी कंपनी सांगते की साधारण २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ओव्हरहॉल करा. म्हणजे इंजिन उतरवायचं, सुटा सुटा भाग करायचा, मोजायचा, झिजलेला बदलायचा आणि पुन्हा बांधायचं. वरवर पाहता यात वाद घालण्यासारखं काही नाही. जुनं झालं की बिघडतं, म्हणून बिघडायच्या आधी नवं करा.

पण 'जुनं झालं की बिघडतं' हेच नेहमी खरं नसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचा जीवशास्त्रज्ञ विमानांच्या नोंदी तपासत होता. लिबरेटर विमानांची दर ५० तासांनी तपासणी व्हायची. तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत. नोंदी उलटं सांगत होत्या. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वांत जास्त, आणि मग हळूहळू कमी. उघडझाप करणारे हातच दोष पेरत होते. १९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६८ टक्के भागांचा बिघडण्याचा धोका नवे असताना जास्त आणि नंतर स्थिर राहणारा निघाला. वय झालं म्हणून बदलून फायदा होईल असे भाग फार थोडे होते.

याचा अर्थ 'चालतंय ना, मग चालू दे' असा मात्र नाही. तो तर आपला आवडता आजार आहे. यावर विचार करणाऱ्या लोकांनी हात मागे घेतला, पण डोळा आणखी जवळ नेला. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात कुठल्या धातूचे कण वाढतायत ते पाहायचं. फिल्टर कापून आतली जाळी उलगडून बघायची. सिलिंडरचा दाब मोजायचा. बारीक कॅमेरा आत घालून व्हॉल्व्हचा रंग बघायचा. आणि हे एकदा नाही, दर वेळी, जुन्या नोंदीशेजारी नवी ठेवून. इंजिन न उघडण्याचा हक्क रोज त्याच्याकडे पाहून मिळवावा लागतो. शिवाय जिथे पैसे घेऊन दुसऱ्यांना उडवायचं असतं, तिथे नियामकानं मंजूर केलेला कार्यक्रम पाळावाच लागतो, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या जिवावर घेतलेला निर्णय आणि मागे झोपलेल्या प्रवाशाच्या जिवावर घेतलेला निर्णय एका मापानं मोजता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट मित्रानं सांगितली. जास्त चालवण्यानं जितकी इंजिनं खराब होतात, त्याइतकीच काळजी नुसत्या उभ्या राहिलेल्या इंजिनांची करावी लागते. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने हँगरमध्ये उभं राहिलं की त्यावरचं ऑइल खाली निथळतं आणि उघड्या पोलादाला गंज धरतो. मालकाला वाटतं, आपण इंजिन जपून ठेवलंय.

आमच्या घरातला ऑटोपायलट

आता आईकडे येतो.

वडील गेल्यावर आई गावीच राहिली. चार एकर शेत काकांच्या मदतीनं, दोन म्हशी, घर. मी पुण्याला. रोज रात्री नऊला फोन. "कशी आहेस?" "बरी आहे. तू जेवला का?" वर्षानुवर्षं हाच संवाद. सणाला डबा भरून येई, उन्हाळ्यात पापड-कुरडया येत. उंचीचा काटा जागचा हलला नव्हता.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. "बापू, राग नको मानू. तुझी आई विहिरीपासून घरी येईपर्यंत तीनदा बसते."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. एका दिवसात इतकं खाली येत नाही. कित्येक महिने ती थोडी थोडी थकत होती आणि तेवढंच नाक वर उचलत होती. दुपारी एक तास झोपायची, तो तास संध्याकाळी उशिरापर्यंत काम करून भरून काढायची. पापड पूर्वी एकटी लाटायची, यंदा शेजारणीला बोलावलं होतं. डबा तेवढाच भरून आला होता. मी डबा बघितला होता. तो भरायला काय मोजावं लागलं, ते विचारलं नव्हतं.

त्या सकाळी समृद्धीवरून आम्ही चाललो होतो ते याच कारणासाठी. ज्या माणसाला आपल्या आईचं काही महिने लक्षात आलं नाही, तोच माणूस तिला गाडीत बसवून वीस किलोमीटर भान हरपून गाडी चालवत होता. दोन्ही वेळा कारण एकच होतं. सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असा ऑटोपायलट असतो. बहुतेक वेळा तो बाई असतो. त्याला कुणी तरी कधी तरी सांगितलेलं असतं, उंची धर. आणि आपण त्या न हलणाऱ्या काट्याला 'सगळं बरं आहे' असं नाव दिलेलं असतं.

यावर मी काय केलं? जे ट्रॅक्टरचं केलं, तेच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या, आहार आणि काही तपासण्या सांगितल्या होत्या. मी तिला उचलून पुण्याला आणलं. फुल बॉडी चेकअप. म्हशी विकायला सांगितल्या. स्वयंपाकाला बाई लावली. "आता तू नुसतं बस," असं मोठ्या प्रेमानं सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती दोन महिने नुसती बसली. हिमोग्लोबिन वाढत होतं आणि बोलणं कमी होत होतं. एका संध्याकाळी ती खिडकीत उभी राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होती. मला विचारलं, "आपल्या म्हशी कोणाकडं गेल्या रे?"

माझ्या दोन्ही चुका मला त्या क्षणी एकत्र दिसल्या. आधी मी पाहिलंच नाही. आणि पाहिलं तेव्हा लगेच उघडून टाकलं. वरून या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट वाटतात. एकीला आपण निष्काळजीपणा म्हणतो, दुसरीला काळजी. पण दोन्हींच्या तळाशी एकच गोष्ट आहे. मला रोज लक्ष द्यायचे कष्ट नको होते. आधी ते कष्ट 'सगळं बरं आहे' या वाक्यानं वाचवले, नंतर एका मोठ्या कारवाईनं. एकदाच सगळं बदलून टाकलं की पुढचे दोन हजार तास बघायला नको, हाच हिशोब होता.

आपण काळजी ही एक भावना समजतो. मला आता वाटतं ती एक सवय आहे, आणि तिला दोन अवयव आहेत, डोळा आणि हात. डोळा जितका नियमित, तितकं हाताला कमी करावं लागतं. डोळा बंद ठेवणाऱ्यालाच शेवटी घण घेऊन धावावं लागतं.

अर्थात इथे विमानाची उपमा संपते, आणि ती कुठे संपते हे सांगितलं नाही तर मी पुन्हा तीच चूक करीन. इंजिनाला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या ऑइलमधले कण मोजावे लागतात. आईला विचारता येत होतं. मी तिचं रक्त तपासलं, पण तिला काय हवंय ते विचारलं नव्हतं. म्हशी तिच्या होत्या.

शेवटी विचारलं. तिनं वाद घातला नाही, यादी सांगितली. गावी राहीन. एक म्हैस ठेवीन, दोन नको. पाणी काकांचा पोरगा आणेल, त्याला मी दूध देईन. गोळ्या घेईन. महिन्याला रक्त तपासायला जाईन, पण तू सुट्टी काढून येऊ नको, काकूसंग जाईन. मी यातलं एकही कलम इतकं नीट मांडू शकलो नसतो.

आता रात्री नऊला फोन होतो, पण 'कशी आहेस' हा प्रश्न मी सोडला आहे. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मी मित्राच्या फेरीसारखी फेरी मारतो. आज दळण कोणी आणलं? देवळापर्यंत गेलीस का? मध्ये कुठे बसलीस? आधी ती चिडायची. "पोलीस झाला का रे?" म्हणायची. आता कधी कधी स्वतःहून सांगते, "आज पारापाशी टेकले थोडी."

आणि मलाही विचारते. गेल्या महिन्यात गावाहून पुण्याला निघालो, तर गाडी सुरू करायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाली, "दुसरबीड गेलं की फोन कर."

त्या दिवशी क्रूझ लावला नाही. दुसरबीडची पाटी लांबूनच दिसली.